चिपी कुठे घरची, कुठे परकी?

ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पांढऱ्या चिपीला ‘राज्य कांदळवन वृक्ष’ म्हणून घोषित केले. राज्यफूल, राज्यपक्षी, राज्यफुलपाखरू यांच्या पंगतीत खाडीच्या चिखलात उभे राहणारे एक झाड येऊन बसले. या चिपीची एक सख्खी बहीण मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी भरपूर आढळते. तिच्या फांद्या खाली लोंबतात, पाने अरुंद आणि निमुळती असतात आणि फुलांना पाकळ्या नसतात. तिचे शास्त्रीय नाव सोनेरेशिया अपेटाला. ‘अपेटाला’ म्हणजेच पाकळ्या नसलेली. या लेखापुरते आपण तिला बिनपाकळ्यांची चिपी म्हणू.

ठाण्याच्या खाडीत ही चिपी घरची आहे. दक्षिण चीनमधील शेन्झेन शहराच्या खाडीत मात्र ती परकी आहे. त्याच खाडीच्या पलीकडच्या काठावर, हाँगकाँगमध्ये, तिची रोपे नियमितपणे उपटून टाकली जातात. झाड तेच, भरती-ओहोटी तशीच, चिखलही फारसा वेगळा नाही. तरी एका खाडीत त्याला कायद्याचे संरक्षण आणि दुसरीत कोयता, असे का?

शाळांतील प्रकल्पवह्यांत, पर्यावरणदिनाच्या भाषणांत आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत याचे उत्तर ठरलेले असते: ‘परकीय वनस्पतींनी आपल्या वनांवर आक्रमण केले आहे.’ या वाक्यात तथ्य आहे. पण जेवढे तथ्य आहे त्यापेक्षा झाकलेले अधिक आहे असे आम्हांला वाटते. विशेषतः शहरातील खारफुटीबद्दल बोलताना हे वाक्य विद्यार्थ्याला चुकीच्या दिशेला पाहायला लावते. तो झाडाकडे बोट दाखवायला शिकतो, पण झाडाला तेथे जागा कशी मिळाली हे विचारायला शिकत नाही. या लेखात आम्ही त्या वाक्याची तपासणी करणार आहोत.

युद्धाची भाषा आली कोठून?

वनस्पतींच्या ‘आक्रमणा’ची भाषा रूढ करण्यात चार्ल्स एल्टन या ब्रिटिश परिस्थितिकी-शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. आक्रमणांच्या परिस्थितिकीवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९५८ साली आले. त्याचा पाया त्यांनी नभोवाणीवर दिलेली व्याख्याने हा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एल्टन आणि त्यांचे सहकारी धान्याच्या कोठारांतील उंदीर-घुशींचा बंदोबस्त कसा करावा यावर काम करीत होते. पुस्तकाची सुरुवातच स्फोटांच्या उल्लेखाने होते. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाचकांना ही भाषा चटकन भिडली यात नवल नाही.

एल्टन यांनी एक नियमही सुचवला. ज्या ठिकाणी जातींची विविधता जास्त, तेथे बाहेरून येणाऱ्याला शिरकाव अवघड. जेथे मोजक्याच जाती, तेथे शिरकाव सोपा. एखाद्या वाड्यात सर्व खोल्या भरलेल्या असतील तर नव्या भाडेकरूला जागा कोठून मिळणार, असा हा युक्तिवाद. अनेक परिसंस्थांत तो काही प्रमाणात खराही ठरतो.

आता हा नियम खारफुटीला लावून पाहू. सह्याद्रीतील सदाहरित वनाचा एक लहानसा तुकडा घेतला तरी त्यात झाडांच्या कितीतरी जाती मोजता येतात. मुंबईच्या खाडीत मात्र मैलभर चाललो तरी बहुतेक तिवरच तिवर दिसते. मध्ये कोठे चिपी, कोठे काजळा, कोठे काटेरी मारांडी. म्हणजे एल्टन यांच्या नियमाप्रमाणे खारफुटी हे आक्रमकांसाठी मोकळे मैदान असायला हवे होते. प्रत्यक्षात जिवंत, भरतीचे पाणी खेळत असलेल्या तिवरांच्या आत बाहेरची वनस्पती क्वचितच सापडते. पोर्तो रिकोतील वन-परिस्थितिकीचे अभ्यासक एरियल लुगो यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस हाच मुद्दा मांडला होता: खारफुटीत घुसणे अवघड, पण बिघडलेली खारफुटी पुन्हा उभी करणे त्यामानाने सोपे.

तीन कुलपे

घुसणे अवघड का? कारण खारफुटीच्या दाराला तीन कुलपे आहेत.

पहिले कुलूप मिठाचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अशा पाण्यात सामान्य झाडाची मुळे पाणी ओढू शकत नाहीत. पाण्यात उभे राहूनही ते झाड तहानेने मरते. तिवर मुळांशी बरेचसे मीठ गाळते आणि उरलेले पानांवाटे बाहेर टाकते. उन्हात तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर हे कळते.

दुसरे कुलूप गुदमरण्याचे. खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेलो की प्राणवायू जवळजवळ संपतो. तेथे कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तिवर आणि चिपी यांची श्वसनमुळे चिखलातून वर डोके काढतात ती याचसाठी.

तिसरे कुलूप भरतीचे. दिवसातून दोनदा येणारे पाणी बी वाहून नेते, कोवळे रोप उपटते, पानांवर गाळ चढवते. ज्याचे बी तरंगू शकते आणि संधी मिळताच मूळ धरू शकते तेच येथे टिकते.

घाणेरी, बेशरम, जलपर्णी, वेडी बाभूळ यांपैकी कोणापाशीही या तिन्ही कुलपांच्या किल्ल्या नाहीत. पावसाळ्यात नदीनाल्यांतून वाहत खाडीत आलेली जलपर्णी खाऱ्या पाण्यात पोहोचली की करपून मरते. मग शहरातील खारफुटीच्या कडेला या वनस्पती दिसतात त्या कशा? याचे उत्तर एकच संभवते. कोणीतरी कुलपे उघडली आहेत. आणि ती झाडांनी उघडलेली नाहीत.

मुंबईच्या कडेला काय दिसते?

मुंबई-ठाणे परिसरात रस्त्याकडून खाडीकडे चालत गेलो तर साधारणपणे पुढील दृश्य दिसते. आधी भराव. त्यावर बांधकामाचा राडारोडा, सुबाभूळ, घाणेरी. मग मिठागराचा जुना बांध किंवा पाइपलाइनचा रस्ता. त्यावर वेडी बाभूळ. नाल्याच्या मुखाशी बेशरम आणि पाणकणीस. त्यानंतर, जेथे भरती खरोखर पोहोचते तेथपासून, तिवरे. आणि तिवरांच्या आत बाहेरची वनस्पती जवळजवळ शून्य.

हा क्रम नीट पाहिला की तो आक्रमणाचा नकाशा वाटत नाही. तो जमिनीची उंची आणि पाण्याचा खारेपणा यांचा नकाशा आहे. भराव टाकून जमीन हात-दोन हात उंच केली की भरती पोहोचत नाही. तिन्ही कुलपे एकदम निखळतात. बांधाने पाणी अडवले की आतला भाग पावसाळ्यात गोडा आणि उन्हाळ्यात कोरडा होतो. सांडपाण्याचा नाला बारा महिने गोडे पाणी आणि खत आणून ओततो, त्यामुळे त्याच्या मुखाशी खारेपणा घटतो आणि पाणकणीस माजते. यातले पाणकणीस तर परकेही नाही, ते इथलेच आहे.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. तिचे बी १८७७ साली जमैकातून भारतात आणले गेले आणि आजच्या आंध्रातील कडप्पा भागात पेरले गेले. क्षार आणि दुष्काळ दोन्ही सोसणारी ही बाभूळ सरपण देते, म्हणून पुढे ती सरकारी योजनांतूनच देशभर लावली गेली. म्हणजे तिच्या ‘स्वारी’ला आपणच रसद पुरवली. आज ती मिठागरांच्या बांधांवर दिसते, कारण बांध आहेत. भरतीचे पाणी रोज ज्या चिखलावरून फिरते तेथे ती उतरत नाही.

तेव्हा बाभूळ तोडण्याच्या श्रमदानाला आमचा विरोध नाही. पण बांध तसाच ठेवून, नाला तसाच वाहता ठेवून तोडलेली बाभूळ दोन पावसाळ्यांत पुन्हा फुटणार. बुंध्यापासून फुटण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. विद्यार्थ्यांनी घाम गाळायचा, छायाचित्रे काढायची आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा यायचे, याला पर्यावरणशिक्षण म्हणावे का?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशात आणि पुढे सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांची तोड आणि त्यांवरील भराव यांना मनाई केली. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा आहे. परक्या वनस्पती माजतात त्या नेमक्या याच पट्ट्यात. म्हणून एखाद्या कडेला घाणेरी आणि सुबाभूळ दिसली तर तेथे भराव पडल्याचा तो पुरावाही असू शकतो. त्या झाडांना आम्ही आरोपी न म्हणता साक्षीदार म्हणू.

शेन्झेनची गोष्ट

‘आत परकी वनस्पती जवळजवळ नसते’ असे आम्ही वर म्हटले. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बाहेरून येणारी वनस्पती स्वतःच खारफुटी असेल तर तिच्यापाशी तिन्ही किल्ल्या असतात. तेव्हा खरी अडचण उभी राहते. ती समजून घेण्यासाठी आता शेन्झेनला जाऊ.

हाँगकाँगला लागून असलेले शेन्झेन १९८० मध्ये विशेष आर्थिक क्षेत्र झाले आणि पाहता पाहता महानगर बनले. २०२० च्या जनगणनेत तेथे सुमारे पावणेदोन कोटी लोक मोजले गेले. या शहराच्या ऐन मध्यात, डीप बे नावाच्या उथळ खाडीच्या काठी, फूतिएन येथे १९८४ पासून राखलेले खारफुटीचे क्षेत्र आहे. सुमारे ३६८ हेक्टर, म्हणजे चीनमधील राष्ट्रीय दर्जाच्या राखीव क्षेत्रांत अगदी लहान. एका बाजूला द्रुतगती मार्ग आणि उंच इमारती, दुसऱ्या बाजूला खाडी. समोरच्या हाँगकाँगच्या काठावर माय पो ही पक्ष्यांसाठी प्रसिद्ध दलदल. माय पो १९९५ मध्ये रामसर यादीत आली, फूतिएन २०२३ मध्ये.

येथील देशी झाडे कोणती? प्रमुख झाड कांडेलिया, हे कांदळाच्या कुळातले. त्याच्या जोडीला काजळा, तिवर आणि मारांडी. ही नावे वाचून आश्चर्य वाटेल, पण ती अनुवादासाठी वापरलेली नाहीत. आपल्याकडचा काजळा, आपली तिवर आणि आपली मारांडी याच जाती तेथेही देशी आहेत. फक्त चिपी नव्हती.

बिनपाकळ्यांची चिपी १९८५ मध्ये बांगलादेशातील सुंदरबनातून चीनच्या हायनान बेटावर आणली गेली. बांगलादेशात तिला केवडा म्हणतात, आणि १९६० च्या दशकापासून तेथील किनारी वनीकरणाचे ते मुख्य झाड आहे. हायनानहून १९९३ मध्ये ती फूतिएनला लावली गेली. हेतू चांगला होता. शहर वाढत होते, किनारा उघडा पडत होता आणि कांडेलिया फार सावकाश वाढते. चिपी मात्र काही वर्षांतच देशी झाडांच्या डोक्यावरून वर जाते, लवकर फळते आणि थोडी थंडीही सोसते. लावलेल्या रोपांचा हिशेब ज्याला द्यायचा आहे त्याच्यासाठी याहून सोयीचे झाड नाही.

पुढे व्हायचे तेच झाले. चिपीची फळे तरंगतात आणि प्रत्येक फळात अनेक लहान बिया असतात. खाडीला सीमा ठाऊक नसते. सन २००० च्या सुमारास हाँगकाँगच्या काठावर चिपीची रोपे दिसू लागली. तेथे ती काढून टाकण्याचे ठरले. कारण चिपीला सर्वांत आवडते ती मोकळी, उजेडाची चिखलाणी; आणि माय पोच्या चिखलाणीवरच हजारो मैल उडून येणारे पाणपक्षी किडे-शिंपले टिपतात. चिखलाणीचे वन झाले तर पक्ष्यांचे ताट हिरावले जाणार.

येथपर्यंत ही गोष्ट आक्रमणाच्या नेहमीच्या गोष्टीसारखीच आहे. पण दोन बाबी तिच्यात बसत नाहीत.

पहिली बाब: दाट कांडेलियाच्या वनात चिपी सहजी शिरत नाही. तिच्या रोपाला भरपूर ऊन लागते. इतके की स्वतःच्या आईच्या सावलीतही ते नीट वाढत नाही. चिपी पसरते ती रिकाम्या चिखलावर आणि जेथे नदीच्या गोड्या पाण्याने खारेपणा कमी झाला आहे तेथे. म्हणजे इथेही शाबूत वनाचे दार बऱ्याच अंशी बंदच असते.

दुसरी बाब: चिनी किनाऱ्यावर चिपीने एक कामही केले आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतून स्पार्टिना नावाचे खाजणगवत किनारा धरून ठेवण्यासाठी आणले गेले आणि ते अनावर झाले. या गवतालाही ऊन लागते. जूहाय शहराच्या ची-आव बेटावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून चिपी लावून या गवतावर सावली धरण्यात आली आणि गवत मागे हटले. एका परक्याने दुसऱ्या परक्याला हटवले. आता चिपीला शत्रू म्हणायचे की मित्र? प्रश्नच चुकीचा आहे हे येथे कळते. चिपी ना शत्रू ना मित्र. ती उजेडाच्या आणि चिखलाच्या नियमांनी वागणारे एक झाड आहे.

२०२० मध्ये चीनने खारफुटी-पुनरुज्जीवनाचा जो राष्ट्रीय आराखडा जाहीर केला त्यात देशी जातींना प्राधान्य देण्याचे धोरण आले. त्यामागे तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

बागेतून निसटलेली किरपा

अमेरिकेतील मायामी शहराजवळचे उदाहरणही असेच बोलके आहे. तेथील एका नामवंत वनस्पती-उद्यानात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या काही वर्षांत किरपा ही खारफुटी जात लावली गेली. किरपा आपल्या कोकणच्या खाड्यांत नैसर्गिकपणे आढळते. अटलांटिकच्या त्या किनाऱ्यावर ती कधीच नव्हती, आणि दोन महासागरांमधील अंतर तिच्या बिया आपापल्या तरून जाऊ शकत नाहीत. सुमारे चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, लक्षात आले की उद्यानाच्या शेजारच्या खारफुटीत किरपाची दाट झाडी माजली आहे. तेव्हापासून ती काढण्याचे काम करावे लागले.

चाळीस वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही, याचा अर्थ शिक्षकांनी वर्गात जरूर उलगडावा. परके झाड आले की दुसऱ्या दिवशी अनर्थ होतो असे नाही. अनेक वर्षे ते मूठभर राहते, मग संख्या एका टप्प्यापलीकडे गेली की वेगाने वाढते. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्यांना ठाऊक आहे त्या विद्यार्थ्यांना हे समजायला अवघड नाही. म्हणूनच ‘इतकी वर्षे लावतो आहोत, काही झाले नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही.

या दोन उदाहरणांतून एक साधे अनुमान निघते. खारफुटीच्या आत शिरू शकते ती बहुधा दुसरी खारफुटीच. आणि दूरच्या समुद्रातली खारफुटी येते ती बहुतेक माणसाच्या हातूनच. बोटीने, पिशवीतून, वनीकरणाच्या योजनेतून किंवा उद्यानाच्या संग्रहातून. तेव्हा ‘झाडांनी आक्रमण केले’ या वाक्याचा कर्ता बदलायला हवा.

दुसरे टोकही नको

या टीकेचा कोणी उलटा अर्थ काढू नये म्हणून हेही लिहिणे भाग आहे. २०११ साली मार्क डेव्हिस आणि त्यांच्या १८ सहकाऱ्यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात असे मांडले की जातींचा निवाडा त्यांच्या जन्मस्थानावरून करू नये, त्या काय करतात यावरून करावा. लगेच डॅनिएल सिम्बरलॉफ आणि शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले: जन्मस्थान बिनमहत्त्वाचे नाही, आणि काही परक्या जातींची हानी उशिरा कळते.

आमच्या मते दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात घेण्यासारखे आहे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये जो अहवाल दिला त्यानुसार माणसाने जगभर नव्या ठिकाणी नेऊन रुजवलेल्या जाती ३७,००० हून अधिक आहेत. त्यांपैकी ३,५०० हून अधिक हानिकारक ठरल्या आहेत. वनस्पतींपुरते बोलायचे तर परक्या म्हणून रुजलेल्या शंभरांत सुमारे सहा आक्रमक ठरतात. म्हणजे ‘परके ते सारे वाईट’ हे विधान शंभरांत चौऱ्याण्णव वेळा चुकते. कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन सहलीच्या छायाचित्रांत आपले म्हणून मिरवते, पण सुरू कोकणातली नाही. पण ज्या सहा जाती बिघाड करतात त्या कोणत्या हे आधी ओळखता येत नाही, आणि खाडीत सुटलेले बी परत बोलावता येत नाही. म्हणून नवी परकी खारफुटी लावू नये, ती कितीही भराभर वाढत असली तरी. या बाबतीत आमच्या मनात संदेह नाही.

उलट, ‘देशी’ हा शिक्काही निर्धास्त करणारा नाही. करंजवेल इथलीच. पण तिवरांच्या कडा तोडून उजेड आत शिरला की ती त्यांच्यावर चढून त्यांना झाकून टाकते. ठाण्याच्या खाडीत गाळ साचून पात्र उथळ होत गेले आणि चिखलाणीवर तिवरे पुढे सरकली. नकाशावर हिरवा रंग वाढला, आपण आनंदलो. पण रोहित पक्षी ज्या उघड्या चिखलावर चरतात ती जागा तेवढीच घटते. माय पोत परकी चिपी जे करू पाहत होती तेच येथे देशी तिवर करते आहे. ठाणे खाडी २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. तिथे चिखलाणी राखायची की वन वाढवायचे, याचा निवाडा ‘देशी-परकी’ या फूटपट्टीने होऊ शकत नाही.

तीन प्रश्न

मग विद्यार्थ्यांना काय शिकवावे? खाडीच्या कडेला अनोळखी झाड दिसले की ‘हे परके आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून थांबू नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत.

एक, याला दार कोणी उघडले? भराव, बांध, नाला, तोड की लागवड?

दोन, हे येथे काय करते? उजेड अडवते का, गाळ धरते का, रोपांना दडपते का, कोणाचे अन्न वाढवते आणि कोणाचे हिरावते?

तीन, हे काढले तर रिकाम्या जागी कोण येईल? भरती परत आली नसेल तर उत्तर बहुधा एकच: तेच झाड पुन्हा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फ्लोरिडातील रॉबिन लुईस यांनी आयुष्यभर कामातून दिले. २०१८ मध्ये ते वारले. त्यांचा आग्रह असा की आधी जमिनीची पातळी आणि भरतीचा मार्ग नीट करा. मग खारफुटी बहुधा आपणहून येते, रोपे लावावी लागतातच असे नाही. हॉलिवूड शहराजवळच्या वेस्ट लेक येथे त्यांनी भराव काढून जमीन शेजारच्या खारफुटीच्या पातळीला आणली आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. बी भरतीनेच आणले. आपल्याकडे मात्र यशाचे माप अजून ‘किती रोपे लावली’ हेच असते. किती मीटर बांध फोडला, किती नाले वळवले, याचे फलक कोठे लागलेले आम्ही पाहिलेले नाहीत.

शाळेत एक प्रयोग सहज करता येईल. चार बादल्यांत प्रत्येकी दहा लिटर पाणी घ्या. पहिलीत मीठ घालू नका. इतर तिन्हींत अनुक्रमे ५०, १५० आणि ३५० ग्रॅम मीठ विरघळवा. चौथी बादली समुद्राएवढी खारी होईल. प्रत्येकीत जलपर्णीची सारख्या आकाराची तीन-तीन रोपे सोडा आणि दोन आठवडे रोज पानांची नोंद ठेवा. बाष्पीभवनाने घटलेले पाणी साध्या पाण्याने भरा. नंतर सर्व रोपे उन्हात पूर्ण वाळवा, नाल्यात टाकू नका. ‘मीठ हे खाडीचे कुलूप आहे’ हे वाक्य मग पाठ करावे लागणार नाही.

जवळ खाडी असेल तर वनविभागाच्या परवानगीने, ओहोटीची वेळ पाहून, रस्त्यापासून तिवरांपर्यंत एक दोरी धरा आणि दर पाच मीटरवर कोणती वनस्पती आहे, जमीन कोरडी की ओली, भरतीची खूण कोठपर्यंत आहे हे लिहा. हाच तक्ता दर वर्षी त्याच रेषेवर भरला तर पाच-सहा वर्षांत तुमच्या शाळेकडे अशी माहिती जमेल की जी फार थोड्या कार्यालयांकडे असते.

शेवटी शब्दाविषयी. मुंबईच्या कोणत्याही वर्गात अर्ध्या मुलांचे आईवडील किंवा आजीआजोबा कोठून तरी बाहेरून आलेले असतात. त्यांच्यासमोर ‘परके आले, त्यांनी आमची जागा बळकावली, त्यांना उपटून फेका’ असे फळ्यावर लिहिताना शिक्षकाने क्षणभर थांबावे. मुले ते वाक्य फक्त झाडांबद्दल ऐकत नाहीत. आणि झाडांबद्दलही ते अर्धेच खरे आहे. ‘कोणी आणले, कोणी दार उघडले, आता काय करता येईल’ ही वाक्ये थोडी लांब आहेत, पण विज्ञानाला धरून आहेत. आपण तीच शिकवावीत.